राजीखुशीने

"उद्या फौजदार काय इचारतील ते इचारूदेत, वैनी. तुम्ही गप ऱ्हायचं. बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही मान वर करायची नाय."

हलिमाबीनं मला हे सांगितलं ते आमच्या परसात. मी तुळशीपाशी दिवा लावून मागं वळले तर ती दगडी गडग्यापलीकडं उभी. दिवेलागणीला ती कधी गडग्याच्या आत पाऊल टाकत नसे. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं, पण तिचं ते ठरलेलं होतं.

तिच्या हातात चौघडी घातलेलं एक पत्र होतं. "हे घ्या. तुमच्या हातचं हाय. उद्या माझी पेटी उघडली नि सापडलं तं पंचाईत."

मी ते घेतलं. कसलं पत्र ते उघडून बघायची गरज नव्हती. कनवटीला खोचलं.

"पण हलिमाबी, हे दाखवलं तर कदाचित..."

"पण नाय नि बिण नाय. मास्तरांची नोकरी सरकारी. तुमची दोन पोरं ल्हान. माझं काय, एक म्हातारी नि मी." मग म्हणाली, "तुळशीपुढं उभ्या हाव, म्हणून शपथ नाय घालत. पण माझं ऐका."

याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. हलिमाबी परत आली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याच्या मनात उगीच आशा राहते, आणि ती आशा मी स्वतः पुष्कळ दिवस बाळगून पाहिली आहे.

आमचं भाटवणे खाडीकाठचं. वरच्या अंगाला आमची वाडी, पाखाडीच्या पायऱ्या उतरून गेलं की खाली मोहल्ला. चाळीस उंबरे मुसलमानांचे, साठेक हिंदूंचे. माझे यजमान गावच्या शाळेत मास्तर होते आणि गावचं पोस्टही त्यांच्याकडंच होतं. पोस्ट म्हणजे आमच्या ओटीवरचं एक बाकडं, एक लाकडी पेटी, शिक्का आणि शाईची गादी. मोहल्ल्यातले पुरुष बहुतेक जहाजांवर खलाशी. त्यांच्या घरी येणारी पत्रं मराठीतच असत. मुंबईहून येवोत, एडनहून येवोत की कराचीहून. शाळेत ते मराठीच शिकले होते, दुसरं लिहिता कुठलं येणार? बायकांना ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं, कारण मला वाचता येत होतं आणि मी वाचलेलं बाहेर बोलत नव्हते.

शिवाय माझा नेम सगळ्यांना माहीत होता. सोळाव्या वर्षी आमच्या घरच्या गुरूंनी मला एक व्रत निवडायला सांगितलं होतं. माझ्या माहेरी गरिबी. मी खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं, कारण त्याला साहित्य काही लागत नाही. सकाळी देवापुढं तळहातावर पाणी घ्यायचं, आज माझ्या तोंडून असत्य निघू नये म्हणायचं, पाणी सोडायचं. एवढंच. सोळा वर्षं मी ते पाळलं होतं. गावात याची थट्टाही व्हायची. कुणाची कोंबडी हरवली तर म्हणत, मास्तरीणबाईंना विचारा, त्यांनी खाल्ली असेल तर तेवढं तरी कळेल.

हलिमाबी माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी मोठी. तिचा नवरा इब्राहिम जहाजावरच ताप येऊन गेला. एकुलती मुलगी जुलेखा कराचीला मामाच्या मुलाला दिलेली होती. ते लग्न झालं तेव्हा कराचीला जाणं म्हणजे मुंबईला जाण्यासारखंच. बोटीत बसलं की झालं. घरात हलिमाबी आणि तिची सासू. सासूला सगळा मोहल्ला मोठी माँ म्हणे. डोळे गेलेले, पाय गेलेले, पण जीभ शाबूत.

बावन्न साली जुलेखाचं पहिलं बाळंतपण होतं. हलिमाबी परवाना काढून कराचीला गेली. दोन महिन्यांत येते म्हणून सासूला सांगून गेली आणि तिकडं अडकली. बाळ अशक्त होतं, जुलेखाला ताप, परवान्याची मुदत टळली. तेवढ्यात दोन्ही सरकारांनी पासपोर्ट सुरू केले. आता नुसत्या परवान्यावर येता येईना. आणि इकडं मोठी माँनं जेवण सोडलं. माझी सून मेली, तुम्ही मला सांगत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. कासम मुकादम मोहल्ल्यातले मोठे, ते रोज सांगत, अगं ती जिवंत आहे. म्हातारी म्हणे, तू लहानपणापासून लबाड.

शेवटी मला बोलावलं. मी जाऊन जुलेखाचं पत्र वाचून दाखवलं. म्हातारीनं माझा हात चाचपला आणि विचारलं, "हे कागदात हाय, का तू मनाचं वाचतंस?" मी म्हटलं, "कागदात आहे, मोठी माँ." त्या दिवशी ती पेज प्याली.

दहा महिन्यांनी हलिमाबी आली ती पाकिस्तानचा पासपोर्ट आणि तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन. गावात कुणाला त्यात काही वाटलं नाही. बाई घरी आली, झालं. मास्तरांनी मुदतवाढीचे अर्ज लिहिले. एकदा वाढ मिळाली, दुसऱ्यांदा मिळाली, मग उत्तर येईनासं झालं. चार वर्षं अशीच गेली. आणि सत्तावन्न साली मार्गशीर्षात, तालुक्याहून नवे फौजदार येणार, परकी नागरिक हलिमा इब्राहिम परकार हिचा जबाब घेणार, असा कागद आला. तोही आमच्याच पोस्टात. मास्तरांनीच तो फोडला, आणि तो घेऊन खाली मोहल्ल्यात जायला त्यांना दुपार झाली.

फौजदार शिंगटे घाटावरचे होते. जाड मिशा, पायात बूट, पण बोलणं मोकळं. ते ओटीवरच्या पोस्टाच्या बाकड्यावर बसले. शेजारी लिहिणारा हवालदार. मास्तर खांबाला टेकून उभे. कासमभाई मुकादम जोत्यावर. हलिमाबी पायरीवर, डोक्यावरून पदर घेऊन. मी माजघराच्या दारात, चहाच्या निमित्तानं.

"नाव?"

"हलिमा इब्राहिम परकार."

"वय?"

"पन्नासच्या वरती."

फौजदारांनी पासपोर्ट चाळला. "ह्यात तर शेहेचाळीस लिवलंय. गावच्या नोंदीत बावन्न. तिकडं गेलं की बायका सहा वर्सांनी तरण्या होत्यात व्हय?"

"मग तुमच्या बाईसाहेबांना एकदा धाडा," हलिमाबी म्हणाली.

हवालदाराला हसू आवरेना. फौजदार स्वतःही हसले. मला वाटलं, बरा माणूस आहे. निभावेल.

"देश?"

"पोस्ट भाटवणे, जिल्हा रत्नागिरी."

"बाई, मी पोस्ट न्हाई इचारलं, देश इचारला."

"मग तुम्हीच लिव्हा. कागद तुमच्या हातात हाय."

"कागदावर पाकिस्तान हाय."

"मग मना का इचारता?"

कासमभाई चिडले. "हलिमा, नीट जबान दे. तुझ्यापायी आमच्या चाळीस घरांना रोज उठून सांगावं लागतं, की आम्ही इथले म्हणून. काल बाजारात मना सोनार इचारतो, कासमभाई, तुमचं जायचं कधी? सात पिढ्या माझ्या ह्या खाडीत बुडाल्या, नि मी त्याला काय सांगू?"

"सांगा, बोट मिळाली की जातो," हलिमाबी म्हणाली. "नि बोट नाय मिळाली असं पुढच्या बाजारी सांगा."

मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, ही बाई निरुपद्रवी आहे. मी पंधरा वर्षं ओळखतो." एवढं बोलायलाही त्यांना किती बळ लागलं ते मला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी पोस्टाचे एक इन्स्पेक्टर येऊन त्यांना बजावून गेले होते. तुमच्या पोस्टातून कराचीचं टपाल फार जातं, तुमच्या घरचा त्यात काही हात आहे का? तेव्हापासून मास्तर झोपेत दचकत. त्यांचं देशावर प्रेम नव्हतं असं नाही. उलट फार होतं. पंधरा ऑगस्टला झेंडा वर चढताना त्यांचे डोळे भरून येत. म्हणूनच त्यांना धास्ती वाटे, की एखाद्या कागदावर आपलं नाव त्या झेंड्याच्या विरुद्ध लिहिलं जाईल.

फौजदारांनी पासपोर्ट मिटला. "हे बगा, मला हिला हाकलून कुणी बक्षीस देनार न्हाई. माजी आई ह्याच वयाची हाय. कायद्यात एकच गोष्ट बगत्यात. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व तिनं आपखुशीनं घेतलं, का नाइलाज म्हणून, कुणाच्या सांगण्यावरून, न समजता घेतलं. नाइलाजानं घेतलं असं दाखवनारा एक कागद द्या. एखादं पत्र. एखादा साक्षीदार. मी शेरा मारून वर धाडतो. वरचे काय करतील ते मला म्हाईत न्हाई, पर कागद हलला की निकाल लागेपत्तोर तिला कुणी हात लावनार न्हाई. वर्स जाईल, दोन वर्सं जातील. तवर म्हातारीचं डोळं मिटलं तर मिटलं."

मग कासमभाईंना सुचलं, आणि ते भल्या मनानंच म्हणाले, "साहेब, ह्या आमच्या वैनींना इचारा. सगळी पत्रं ह्यांनीच वाचली, ह्यांनीच लिहिली. नि ह्या खोटं बोलत नाय. उभ्या गावाला इचारा."

"असं?" फौजदार माझ्याकडं वळले. "न्हाई म्हंजे कदीच न्हाई?"

"त्यांचा नेम हाय," कासमभाई म्हणाले.

"मग बरंच झालं. आमच्या खात्यात असं माणूस गावत न्हाई." त्यांनी हवालदाराला खूण केली. "वैनी, तुम्ही म्हणाल ते मी लिवून घेतो. तिथला पासपोर्ट घ्यायला हिला कुणी सांगितलं होतं का? कुणाचं पत्र, निरोप, काही?"

कनवटीला खोचलेला कागद मला पोटाशी टोचत होता.

त्या कागदात काय होतं ते सांगते. बावन्नच्या पौषात हलिमाबीनं जावयाकडून लिहवून घेतलं होतं, की इथले लोक म्हणतात पाकिस्तानी पासपोर्ट घेतलास तरच तुला जाता येईल, मी काय करू, तुम्ही सांगाल तसं करते. आणि मी उत्तर लिहिलं होतं. शब्द न् शब्द मला आजही पाठ आहे. 'हलिमाबी, मोठी माँ जेवत नाही. हिरवा कागद मिळो की काळा, मिळेल तो घ्या आणि या. कागदानं माणूस बदलत नाही. इथं आलात की मास्तर सरकारात लिहून सगळं सरळ करतील.' मास्तरांना न विचारता मी त्यांचं नाव घातलं होतं. मला तेव्हा खरोखरच तसं वाटत होतं. देवाच्या दारात कोण कुठून आला हे विचारत नाहीत, तर सरकारच्या दारात तरी कशाला विचारतील? अडाणी बाईसारखं मी लिहिलं, आणि तिनं ते शहाण्या बाईचं मानून पाळलं.

मला एकच शब्द बोलायचा होता. "मी." त्यानंतर कागद काढून बाकड्यावर ठेवायचा. मास्तर खांबापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ओटीच्या फरशीकडं बघत होते आणि त्यांचा अंगठा बोटांवरून फिरत होता, जप केल्यासारखा. आत धाकटा पाळण्यात कुरकुरत होता.

"त्यांना काय मालूम?" हलिमाबी मोठ्यानं म्हणाली. "त्या पत्रं वाचतात, माझं मन वाचत नाय. मी पासपोर्ट माझ्या राजीखुशीनं घेतला. लेकीकडं कायमचं ऱ्हायचं मनात होतं. मग नाय करमलं, म्हणून आले."

कासमभाई ताडकन उठले. "हलिमा, काय बोलतेस तू?"

"खरं तं बोलते."

फौजदारांनी हात वर केला. "बाई, समजून बोला. हे एकदा लिवलं की खोडता येत न्हाई."

"लिव्हा."

ते तरी लगेच लिहायला सांगेनात. माझ्याकडंच बघत राहिले. ते मला वाट करून देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. "काय वैनी? ही म्हणते ते खरं?"

मी तोंड उघडलं नाही. मान हलवली. खाली, वर, पुन्हा खाली.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. माझ्या मनात आलं, तोंडून शब्द निघालेला नाही. माझा नेम मोडलेला नाही.

हवालदारानं लिहिलं, 'सदर पासपोर्ट राजीखुशीने घेतला.' मास्तरांनी शाईची गादी पुढं केली. पोस्टाचीच, जांभळ्या शाईची. हलिमाबीनं अंगठा उठवला आणि पायरीच्या कडेला पुसला. फौजदार चहा पिऊन उठले. जाता जाता म्हणाले, "तुमच्या गावात खरं बोलनारी माणसं लई हाईत."

त्या संध्याकाळी मास्तर मागच्या पडवीत येऊन बसले. मग म्हणाले, "बरं केलंस."

"काय?"

"बोलली नाहीस ते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, त्या पाकिटावर शिक्का कुणी मारला? कराचीचा पत्ता, तुझं अक्षर. आत काय असेल ते कळायला मला फोडावं लागतं का?" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "फाडून टाक ते."

मास्तरांनी फाडायला सांगितलं होतं. जाळलं मी. न्हाणीच्या चुलीत पाणी तापत होतं, त्याखाली सारलं. आपलंच अक्षर जळताना बघवेना म्हणून वर दोन शेणी ठेवल्या. एवढ्याशा कागदाला शेणी कशाला, पण ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढं पाणी घेतलं आणि वाक्य म्हटलं. जिभेवर आलं ते, कुठं अडलं नाही. मला भीती त्याचीच वाटली.

नोटीस आली. पंधरा दिवसांत देश सोडायचा. हलिमाबीनं त्यावरही अंगठा दिला. त्या पंधरा दिवसांत ती आमच्या गडग्यापाशी आली नाही, मीही पाखाडी उतरले नाही. मोहल्ल्यातून मुंबईला काही माणसं गेली आली असं कानावर येई. मी ऐके आणि कामाला लागे.

निघायच्या दिवशी ती आली. सकाळचं ऊन परसात आलं होतं. हवालदार वळणावरच्या आंब्याखाली विडी ओढत उभा होता, त्याच्या पायाशी तिची पत्र्याची पेटी. बंदरावर बोटीकडं नेणारा पडाव लागायला अजून अर्धा तास होता.

"वैनी, ते पत्र द्या," ती म्हणाली. घाईत होती. चेहऱ्यावर किती दिवसांनी थोडं तेज होतं. "मुंबईला माझ्या चुलतभावाचा वकील हाय. तो म्हणतो, अंगठा दिला तरी काय बिघडत नाय, बाईला समजलं नव्हतं असं मांडू. पण कागद पायजे. त्या वेळचा, तारखेचा कागद. मी सांगितलं, हाय. तुमचं नाव नि मास्तरांचं नाव मी कातरून देईन. नुसता मजकूर नि तारीख. कुणाला कळायचं नाय."

मी जागची हलले नाही.

"आणा ना. तो माणूस उभा हाय."

"सापडत नाही हो," मी म्हणाले. "कुठंतरी ठेवलंय. तुम्ही गेल्यावर शोधते. मुंबईच्या पत्त्यावर धाडते."

सोळा वर्षांत तोंडानं बोललेलं पहिलं खोटं. ते मी तिला बोलले.

तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. म्हातारीला वाचून दाखवताना मी कागदाकडं बघत असे तसं, ओळीओळीनं.

"जाळलंत?"

मी मान खाली घातली.

"मी गप ऱ्हा म्हटलं व्हतं, वैनी. जाळा नाय म्हटलं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं गडग्यावर हात टेकला, दम लागल्यासारखा. मग एकदम हसली. "तुम्हाला खोटं येत नाय हो. कान लाल झाले तुमचे."

वळणावरून हवालदारानं खाकरून खूण केली. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"आता ऐका. मोठी माँला सांगितलंय, मी रत्नागिरीला कोर्टात जाते. आठ दिवसांत येते. आठ दिवस ती थांबेल, मग इचारील. कासमभायची बायको जेवण देईल, पण कासमभायचं ती खरं मानत नाय. तुमचं मानते. तुम्ही जायचं."

"मी काय सांगू?"

"तारीख पडली म्हणा. कोर्टाच्या तारखा पडतातच."

"आणि मग?"

"मग पुढची तारीख."

"हलिमाबी, किती दिवस?"

"ती असंस्तवर. मागल्या टायमाला दहा महिन्यांत अर्धी झाली ती. ह्या टायमाला कळलं तर महिना काढायची नाय. ती उपाशी मरायला नको. बाकी मना काय मागायचं नाय."

"मला जमेल का?"

"आता जमलं ना?" ती म्हणाली. "तसंच."

तिनं तळहात पुढं केला. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला. पाखाडीच्या पायऱ्यांवरून ती खाली उतरली. हवालदार पेटी उचलू लागला तर तिनं ती त्याच्याकडून काढून घेतली आणि स्वतःच डोक्यावर घेतली.

फाल्गुनात जुलेखाचं एक पत्र आलं. आई पोचली, बोलत नाही, इथं तिला सगळे हिंदुस्थानी म्हणतात, एवढंच. त्यानंतर मास्तरांनी पोस्टाचं काम सोडलं आणि ते दुसऱ्या गावी गेलं. कराचीचं टपाल पुढं आलं की नाही, मला ठाऊक नाही. मोठी माँ चौदा महिने जगली. गेली तेव्हा तिच्या हिशेबी हलिमाबीची तारीख चार दिवसांवर होती. मला गावात अजून म्हणतात, ह्या बाई कधी खोटं बोलल्या नाहीत. मी आता त्यावर काही म्हणत नाही. देवापुढं हात जोडते, पोथी वाचते, उपास करते. तळहातावर पाणी घेत नाही.

पण मला सांगायचा आहे तो नववा दिवस. हलिमाबीला जाऊन आठ दिवस झाले होते. सकाळी कासमभाई गडग्याशी आले. पंधरा दिवसांत त्यांची दाढी पांढरी झाल्यासारखी दिसत होती.

"वैनी, म्हातारीनं कालपासून घोट घेतला नाय. म्हणते, मास्तरीणबाईला बोलवा, ती सांगेल ते खरं."

"येते," मी म्हणाले.

"काय सांगणार तिला?"

"तुम्ही पुढं व्हा."

घरात जाऊन मी लुगडं बदललं. मऊ भाताची पेज एका भांड्यात घेतली, वर मीठ टाकलं, झाकण लावलं. मास्तर ओटीवर वह्या तपासत बसले होते. ते उठले, जरा घुटमळले, आणि वाटेतलं बाकडं त्यांनी बाजूला सारलं.

"मी येऊ?"

"नको."

पाखाडीच्या पायऱ्यांवर दव होतं, म्हणून जपून उतरावं लागत होतं. वरच्या वाडीतल्या दोघी पाण्याला निघाल्या होत्या. त्या थांबून बघू लागल्या. मी पदर खांद्यावरून नीट घेतला. येत्या सोमवारची तारीख सांगावी की मंगळवारची, याचा मी विचार करत होते. सोमवारी माझा उपास असतो, हलिमाबी आली नाही की म्हातारी त्याच दिवशी म्हणेल, आज उपासाच्या तोंडानं पुन्हा सांग. मंगळवार बरा. मंगळवार ठरवला, आणि भांडं दोन्ही हातांनी धरून मोहल्ल्याच्या वाटेला लागले.